पेशंट टेबलवरच गेला आणि त्यातून ऑपरेशनच्या चार्टचा शोध लागला

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीसारख्या गावात कुणाला मेंदूचं ऑपरेशन सांगितलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. नांदेड नाहीतर नागपूर गाठायचं, पैशाची जमवाजमव करायची आणि थिएटरबाहेर बसून राहायचं. आत मात्र एक माणूस सतत नाडी आणि बीपीची नोंद ठेवत असतो. या नोंदीमागे हार्वे कुशिंग नावाच्या अमेरिकन डॉक्टरची गोष्ट आहे.

कुशिंग यांचा जन्म १८६९ चा, गाव क्लीव्हलँड. १८९० च्या दशकात ते हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकत होते. तेव्हा भूल द्यायचं काम विद्यार्थ्यांकडेच असायचं, तेही धड न शिकवता. एकदा कुशिंग यांनी ईथर दिलं आणि पेशंट तिथेच दगावला. असं होतच असतं, म्हणून बाकीच्यांनी विषय सोडून दिला. कुशिंग यांना मात्र ते जमेना. डॉक्टरकीच सोडावी इथपर्यंत विचार गेला.

पण त्यांनी शिक्षण सोडलं नाही. अर्नेस्ट कॉडमन या मित्रासोबत त्यांनी भूल देताना नाडी आणि श्वास कागदावर उतरवायला सुरुवात केली. पेशंट बिघडतोय हे आता वेळेत कळू लागलं. १९०१ मध्ये इटलीच्या पाव्हिया शहरात त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र पाहिलं. ते त्यांनी अमेरिकेत आणलं आणि चार्टवर बीपीही आलं.

त्या काळात मेंदूतली गाठ काढायची म्हणजे जिवाशी खेळ. कित्येक ठिकाणी निम्मे पेशंट वाचत नसत. मुख्य शत्रू होता रक्तस्राव. कुशिंग यांनी रक्तवाहिनी बंद करायला चांदीच्या बारीक क्लिपा वापरल्या. १९२६ मध्ये विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञाने बनवलेलं, विजेने रक्त थांबवणारं यंत्रही हाती घेतलं.

पण सगळ्यात मोठं काम होतं हिशोब ठेवण्याचं. प्रत्येक पेशंटचे फोटो, स्वतः काढलेली चित्रं, काढलेली गाठ आणि पुढे काय झालं याची नोंद. गेलेला पेशंटही त्यातून वगळायचा नाही. १९१५ मध्ये नोकरीला लागलेल्या लुईस आयझेनहार्ट पुढे स्वतः डॉक्टर झाल्या आणि हा हिशोब त्यांनीच सांभाळला. चूक लपवली नाही, म्हणून ती सुधारता आली. कुशिंग यांच्या हाताखाली ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण शेकडा दहाच्याही खाली आलं. १९३१ मध्ये त्यांनी मेंदूच्या गाठीचं दोन हजारावं ऑपरेशन केलं.

१९३९ मध्ये हृदयविकाराने कुशिंग गेले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक छोटी गाठ सापडली. आयुष्यभर त्यांना तिचा पत्ता नव्हता.

त्यांनी जमवलेल्या नोंदी आणि बरण्यांमधले मेंदू आजही येल विद्यापीठात जपून ठेवले आहेत. आणि तो चार्ट आता प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये असतो.