शिकलगाराच्या हातचा खर्ज

मैफलीला आरंभ होण्यापूर्वी गवयाच्या मागे बसलेले शिष्य तंबोरे जुळवू लागतात. जोडाच्या तारा एकजीव होतात, मग पितळी खर्ज लागतो आणि सभागृहातील कुजबुज आपोआप थांबते. श्रोता गायकाचे नाव घेऊन घरी जातो, तबलजीलाही दाद देतो. तंबोरा कोणी घडविला हे विचारणारा विरळाच. गवयांना मात्र ते विचारावे लागत नाही. किराणा, ग्वाल्हेर अशा घराण्यांच्या कित्येक गायकांनी ज्या तंबोऱ्यांवर आयुष्यभर विश्वास टाकला, ते सांगली जिल्ह्यातील मिरजेत घडले. त्या परंपरेचे मूळ पुरुष म्हणजे फरीदसाहेब सतारमेकर.

फरीदसाहेबांचे घराणे शिकलगारांचे. तलवारी, भाले, कट्यारी घडवायच्या आणि त्यांना धार व झिलई द्यायची, हा पिढीजात धंदा. मिरज हे पटवर्धनांचे लष्करी ठाणे असल्याने या कामाला तोटा नव्हता. परंतु 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि दोनच वर्षांनी मिरज संस्थानाच्याही वाटण्या झाल्या. मोहिमा थांबल्या, फौजा आटल्या. शस्त्रे उरली ती दसऱ्याच्या पूजेपुरती. ज्या हातांना पोलादाखेरीज दुसरे काही ठाऊक नव्हते, त्या हातांनी पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्या काळी महाराष्ट्रातील शेकडो कारागिरांपुढे उभा राहिला. कोणी कात्र्या-चाकूंना धार लावू लागला, कोणी शेतीची अवजारे करू लागला. फरीदसाहेबांनी मात्र वेगळीच वाट धरली.

त्याला निमित्त झाले ते मिरजेच्या दरबाराचे. पटवर्धनांना गाण्याची आवड होती आणि दरबारी गवयांची वाद्ये उत्तरेकडून येत. एखादा भोपळा फुटला, तबली खचली, खुंटी सैल झाली, तर दुरुस्तीसाठी वाद्य पुन्हा दूरदेशी धाडावे लागे. धातूच्या कामात नाव मिळविलेल्या फरीदसाहेबांकडे आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन यांच्याकडे अशी नादुरुस्त वाद्ये आली, अशी मिरजेत परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. सुमारे 1850 चा हा काळ. दोघा भावांनी वाद्ये उकलून पाहिली, जोडली आणि काही काळाने स्वतःच नवी घडवायला घेतली.

दुरुस्तीपासून आरंभ झाला, हे या कारागिरीचे भाग्यच म्हणावे लागेल. नव्या वाद्याची नक्कल करणाऱ्याला त्याचे रूप दिसते. मोडके वाद्य हाती घेणाऱ्याला ते कोठे हार खाते ते कळते. तारांच्या ताणाने तबली कशी खाली बसते, दांडी आणि भोपळा यांच्यामधला गळा का हलतो, वर्षानुवर्षांच्या घर्षणाने घोडीवर चरे कसे पडतात, हे या भावांनी आधी मोडतोडीत पाहिले आणि मग स्वतःच्या वाद्यांत सुधारले.

त्यातही जवारी हे सर्वांत नाजूक काम. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत जाते आणि एका स्वरातून स्वरांचा झुपका उमलतो. उतार थोडा अधिक झाला की आवाज बसका निघतो. कमी झाला की तार झणझणते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून अखेरची जागा साधायची असते. येथे मोजपट्टी उपयोगी पडत नाही. कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे आणि पुन्हा कानस घ्यायची. तलवारीची धार बोटाच्या टोकाने पारखणाऱ्या घराण्याला हे काम परके वाटले नसावे.

भोपळा मिळण्याच्या दृष्टीनेही मिरज सोयीची होती. शिरूर-दौंडच्या शिवेवरून वाहत जाणारी आणि तळेगाव ढमढेरे परिसरातील वेळ नदीला पोटात घेणारी भीमा पुढे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मुलखात पोहोचते. तंबोऱ्याला लागणारे मोठे, जाड सालीचे कडू भोपळे तिकडे पिकतात. मर्दानी तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर 50 इंचांच्या वर जातो. तो महिनोन्‌महिने वाळवायचा, कापून पाण्यात भिजवायचा, आतून काठ्यांचा आधार देऊन आकार आणायचा, मग त्यावर तुणीच्या लाकडाची तबली बसवायची. शेवटी लाखेचा हात. बाजारात जाऊन आयते काही आणावे, असा हा व्यवसाय नव्हे.

तंबोऱ्याला गिऱ्हाईक मिळाले तेही मिरजेच्या दारी चालून आले. संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या काळात पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवीत होते. फटाक्याने डोळ्यांना इजा झालेला कुरुंदवाडचा मुलगा उपचारांसाठी मिरजेत आला आणि बुवांचा शिष्य झाला. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि पुढे त्यांच्या शिष्यांनी गावोगावी संगीताचे वर्ग काढले. गाणे दरबारातून शाळेत आले, तसा तंबोराही मध्यमवर्गीय घराच्या कोपऱ्यात दिसू लागला. मागणी वाढली आणि फरीदसाहेबांच्या वंशजांबरोबरच इतर कुटुंबेही या धंद्यात उतरली. सतारी आणि तंबोऱ्यांच्या दुकानांची अवघी गल्ली उभी राहिली.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, तेव्हा या कारागिरांना खरा पारखी लाभला. खाँसाहेब वाद्यदुरुस्तीत स्वतः निष्णात होते आणि हत्यारे जवळ बाळगीत. तंबोऱ्याच्या सुरात बारीकसे न्यून राहिले तरी त्यांना ते खपत नसे. असा गिऱ्हाईक कारागिराला त्रासदायक वाटतो खरा, पण हात सुधारतो तो त्याच्यामुळेच. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाच्या काळात देशभरचे गायक तेथे हजेरी लावतात.

घराण्याचे आडनाव पाहिले की थोडी गंमत वाटते. सतार देशी, मेकर इंग्रजी. शिकलगार हे जुने नाव मागे पडले आणि ही जोडी चिकटली ती कायमची. सात पिढ्या उलटल्या तरी ती सुटलेली नाही.

दरम्यान इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, पाठोपाठ मोबाइलमधलाही आला. रियाजाला तो सोयीचा पडतो, प्रवासात फुटत नाही. त्यामुळे नव्या तंबोऱ्याची मागणी घटली, हे मिरजेतील कारागीर नाकारीत नाहीत. चांगले तुणीचे लाकूड मिळविणे अवघड झाले आहे आणि घरातील मुले शिकून इतर नोकऱ्यांकडे वळत आहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे मिरजेचे नाव लावून कोणीही वाद्य विकण्याला काहीसा आळा बसू शकेल. कानस हाती धरणारा नवा मुलगा मात्र गल्लीतच तयार व्हावा लागेल.

जुनी वाद्ये अजूनही परत येतात. आजोबांनी घेतलेला तंबोरा नातू दुरुस्तीला घेऊन येतो. कारागीर तारा उतरवितो, घोडी सोडवितो, झिजलेल्या चऱ्यांवरून बोट फिरवितो आणि कानस उचलतो.