लाकडाला वळण लावणारा कलावंत

युरोपच्या उत्तर टोकाला फिनलंड नावाचा देश आहे. तेथील सरोवरे हजारांनी मोजावी लागतात, आणि भूमीचा बहुतेक भाग अरण्यांनी व्यापलेला आहे. हिवाळा मोठा कडक व दीर्घ असतो. अशा देशात माणसाचे बरेचसे आयुष्य घराच्या चार भिंतींच्या आत जाते. म्हणूनच बसावयाची खुर्ची, डोक्यावरचा दिवा, पाण्याचा पेला या साध्या वस्तूंना तेथे विशेष मोल आहे. या साध्या वस्तूंचा ज्यांनी जन्मभर विचार केला, त्या आल्व्हार आल्टो यांची ही जीवनकथा आहे.

आल्व्हारचा जन्म ३ फेब्रुवारी १८९८ रोजी कुओर्ताने या गावी झाला. त्या वेळी फिनलंडवर रशियाच्या झारची सत्ता होती. आल्व्हारचे वडील जमिनीची मोजणी करून नकाशे तयार करीत. त्यांच्या कचेरीत एक भले मोठे पांढरे मेज होते. वर मोठी माणसे नकाशे काढीत, आणि खाली हा चिमुकला मुलगा खेळत असे. पुढे थोडा मोठा झाल्यावर त्यालाही त्या मेजाशी जागा मिळाली आणि त्याच्या हाती पेन्सिल आली. आल्व्हार आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. तिच्या बहिणीने त्या घरात येऊन मुलांना आईची माया दिली.

१९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला. १९२१ मध्ये आल्टो हेलसिंकी येथे वास्तुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. १९२४ मध्ये आयनो मार्सिओ या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. आयनोबाई स्वतः वास्तुशास्त्राच्या पदवीधर होत्या. पुढील पंचवीस वर्षे पतिपत्नींनी एकाच कचेरीत खांद्याला खांदा लावून काम केले.

त्या काळी क्षयरोगाने फिनलंडमध्ये थैमान घातले होते. या रोगावर गुणकारी औषध तोवर सापडले नव्हते. स्वच्छ हवा, सूर्यप्रकाश आणि विश्रांती एवढाच काय तो उपाय. म्हणून पाइमिओ या गावाजवळ देवदाराच्या जातीच्या वृक्षांच्या रानात एक मोठे आरोग्यधाम बांधण्याचे ठरले. त्यासाठी जी स्पर्धा झाली, तीत १९२९ मध्ये आल्टो यांचा आराखडा पसंत पडला.

हे काम हाती आले त्या सुमारास आपण स्वतः आजारी होतो, असे आल्टो पुढे सांगत. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आले की, खोल्या बांधणारा मनुष्य उभ्या माणसाचाच विचार करतो. निजलेल्या माणसाला काय दिसते, काय ऐकू येते, याची त्याला कल्पनाच नसते. रुग्णाला तर महिनोन् महिने छताकडे पाहत राहावे लागते. मग ते छत पांढरेफटक कशासाठी? आल्टो यांनी छताला डोळे निववणारा गडद, शांत रंग दिला. दिवा डोळ्यांवर येणार नाही अशा जागी बसविला. एका खोलीत दोनच रुग्ण ठेवले. प्रत्येकाला हात धुण्याचे वेगळे पात्र दिले, आणि त्याला असा उतार दिला की, एकाने नळ सोडला तरी पाण्याच्या आवाजाने दुसऱ्याची झोप मोडू नये!

आता प्रश्न आला खुर्च्यांचा. जर्मनीत तेव्हा पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची नवी टूम निघाली होती. आल्टो यांनीही प्रथम त्या वापरून पाहिल्या. पण पोलाद हाताला थंडगार लागते आणि उजेडात चकाकते. दुखणाईत माणसाच्या अंगाला ते कसे मानवावे? तेव्हा त्यांची दृष्टी वळली आपल्या रानातील बर्च वृक्षाकडे. आपले पूर्वज ज्याच्या सालीवर पोथ्या लिहीत, त्या हिमालयातील भूर्जवृक्षाच्या कुळातलेच हे झाड. पोलाद वाकते तसे लाकूड वाकवता येईल काय? तुर्कू शहरातील फर्निचरचे कारखानदार ओट्टो कोर्होनेन यांच्या साहाय्याने आल्टो यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. अखेर पातळ थर एकमेकांना चिकटवून, साच्यात दाबून त्यांनी लाकडाची सलग कमान तयार केली, आणि त्या कमानीत प्लायवुडची एकसंध बैठक झोकदारपणे बसविली. तिची पाठ अशी कलती ठेवली की, रेलून बसणाऱ्या रोग्याला श्वास घेणे सुलभ व्हावे. १९३३ मध्ये आरोग्यधाम सुरू झाले, आणि ही खुर्ची पाइमिओचेच नाव घेऊन जगभर गेली.

त्याच वर्षी आल्टो यांनी एक तिवई तयार केली. वर एक वाटोळी फळी आणि खाली तीन पाय, बस्स! पण पाय बैठकीला जोडावयाचा कसा, ही सुतारांची जुनी अडचण होती. आल्टो यांनी बर्चच्या दांड्याच्या टोकाशी रेषांच्या दिशेने चिरा पाडल्या, त्यांत लाकडाचे पातळ पापुद्रे सरसाने बसविले, आणि ते टोक उष्णता देऊन काटकोनात वाकविले. आता हा वाकलेला पाय स्क्रूने सरळ फळीखाली बसू लागला. कोरीव सांध्याची गरजच उरली नाही. अशा तिवया एकीवर एक रचल्या म्हणजे जागाही थोडी लागे.

१९३३ मध्ये लंडनच्या एका मोठ्या दुकानात या सामानाचे प्रदर्शन भरले. मागण्यांचा ओघ सुरू झाला. परंतु त्या वेळेवर पुऱ्या करणार कोण? कलावंताला हिशेब जमत नाही, आणि व्यापाऱ्याला कलेची पारख असतेच असे नाही. हा पेच सोडविण्यासाठी १९३५ मध्ये आल्टो पतिपत्नी, मैरे गुलिकसेन आणि निल्स-गुस्ताव हाल या चौघांनी ‘आर्टेक’ ही संस्था स्थापन केली. कला आणि तंत्र या दोहोंवरून हे नाव घेतले होते. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत तिचे दुकान उघडले. तेथे खुर्च्या, दिवे, कापड व काचसामान विकत मिळे. शिवाय संस्था चित्रांची प्रदर्शनेही भरवी. लोकांनी केवळ वस्तू नेऊ नयेत, चांगल्या राहणीची दृष्टीही न्यावी, हा तिचा हेतू होता. या संस्थेच्या कारभाराचा भार पुढे आयनोबाईंनी वाहिला. साच्यात दाबून केलेले त्यांचे साधे, वलयांकित पेले १९३६ मध्ये मिलान येथे सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. आल्टो यांची लाटेसारख्या काठाची काचेची फुलदाणीही त्याच वर्षीची.

नंतरचा काळ कठीण आला. १९३९ मध्ये सोव्हिएत रशियाने फिनलंडवर आक्रमण केले. आल्टो यांनी बांधलेले सुंदर ग्रंथालय ज्या वीपुरी शहरात होते, ते शहरच युद्धात परक्या देशात गेले. घरे बेचिराख झालेल्या आपल्या बांधवांसाठी स्वस्त लाकडी घरांचे नमुने करण्यात आल्टो गढून गेले. १९४९ मध्ये आयनोबाई निवर्तल्या. त्या दुःखातूनही सावरून आल्टो यांनी नगरगृहे, विद्यालये, सभागृहे बांधली. ११ मे १९७६ रोजी हेलसिंकी येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या देशाने त्यांना विसरू दिले नाही. १९८६ मध्ये फिनलंडच्या पन्नास मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले, आणि २०१० मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. पण त्यांचे खरे स्मारक ती तिवईच होय. लक्षावधी तिवया आजवर घरोघरी, शाळाशाळांतून व ग्रंथालयांतून गेल्या. हाताळून काळवंडलेल्या जुन्या तिवया आर्टेक संस्थेने पुढे परत विकत घेऊन नव्या घरी पाठविण्यास आरंभ केला. त्यांच्यावरचे ओरखडे लोकांना उणे वाटले नाहीत.

राजवाड्यातील सिंहासने घडविणारे कारागीर पुष्कळ झाले. अंथरुणावर निजलेल्या रोग्याच्या डोळ्यांनी जग पाहून त्याच्यासाठी खुर्ची घडविणारा कारागीर मात्र विरळा. लाकडाला वळण लावण्याची विद्या आल्टो यांनी परिश्रमाने मिळविली; परंतु तिच्या मुळाशी दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव होती, हे विसरून चालणार नाही.