उघडे दार

पंडिता रमाबाईंचे नाव ज्याच्या कानी पडले नाही असा महाराष्ट्रीय वाचक विरळा. त्यांची विद्वत्ता, त्यांचे संस्कृतवरील प्रभुत्व, अनाथ विधवांसाठी त्यांनी वेचलेले आयुष्य, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी असलेली एक गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकली जाते. ती म्हणजे त्यांची प्रार्थना. या प्रार्थनेपायी रमाबाईंना आपले थोर हितचिंतक गमवावे लागले, आणि तेही एका खोलीच्या दारावरून. तो वृत्तांत मुलामुलींनी व त्यांच्या आईबापांनीही वाचण्याजोगा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकणे हे पाप मानले जाई अशा काळी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या धाकट्या मुलीला दिली. दिवसभर घरकामाचा रगाडा; म्हणून आई पहाटेच मुलीला उठवून जवळ घेई आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. पाखरे जागी होण्याच्या वेळी देवाचे नाव घेण्याची सवय लहानग्या रमेला लागली ती अशी. पुढे धर्म बदलला, सातासमुद्रांपलीकडचे देश पाहिले, पण ती पहाट काही सुटली नाही.

हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा होते नव्हते ते सारे पूजाअर्चा, दानधर्म यांत संपले होते. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ च्या सुमारास प्रथम वडील, मग आई व थोरली बहीण यांनी डोळे मिटले. वृद्ध व अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी अखेरच्या भेटीत रमेला पोटाशी धरून, नेहमी सन्मार्गाने चाल व देवाची सेवा कर, अशा अर्थाचा उपदेश केला होता. कोणत्या देवाची, हा प्रश्न मात्र त्या मुलीच्या मनात पुढे कित्येक वर्षे घोळत राहिला.

भाऊ श्रीनिवास व ती, दोघेच पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी त्यांचा विवाह झाला. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने वारले. मनोरमा त्या वेळी अंगावर पिणारी मूल होती. रमाबाईंचे वय अवघे तेवीस.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या सहवासात, पतित स्त्रियांना त्या कशा मायेने वागवितात हे पाहून त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त अद्याप भेटलाच नव्हता, असे त्यांना स्वतःच पुढे सुमारे आठ वर्षांनी उमगले. तोवर देव त्यांना ठाऊक होता. आता त्या त्याच्याशी, मूल बापाशी बोलते तशा बोलू लागल्या. हा फरक शब्दांत लहान दिसतो. त्यांच्या आयुष्यात तो फार मोठा ठरला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मिणी झाल्या. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावे, असा करार होता, आणि रमाबाई तो पाळीत. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीत होती.

आता त्या दाराची हकीकत. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह रोज प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार लावीत नसत. एखादी मुलगी दारातून डोकावे. एखादी आत येऊन गुडघे टेकून बसे. रमाबाई कोणास बोलवीत नसत, कोणास घालवूनही देत नसत. कानांच्या त्या अधूपणामुळे मागे कोण येऊन बसले हे पाऊलवाजावरून त्यांना कितीसे कळत असेल, कोण जाणे! पण ही बातमी गावात पसरली, केसरीतून कडक टीका झाली, पालक घाबरले. समितीने दार बंद ठेवण्याविषयी आग्रह धरला. रमाबाईंनी नकार दिला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ मुली काढून नेण्यात आल्या.

समितीचा आक्षेप अगदीच निराधार होता, असे म्हणता येत नाही. आईबापांनी विश्वासाने पाठविलेल्या मुली होत्या. त्यांच्या मनावर घरच्या धर्माहून वेगळा संस्कार होतो हे त्या गृहस्थांना डाचले तर त्यात नवल नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. आपल्या घरी आजी देवपूजेला बसली म्हणजे नातवंडे तिच्याभोवती जमतातच. तिला कोणी कवाड लावून घेण्यास सांगत नाही. ज्या घरात रमाबाई आईच्या जागी होत्या, तेथे देवाशी बोलताना त्यांनी लपावे काय? मित्र राखण्यासाठी दार लोटून घेणे किती सोपे होते! त्यांनी ते लोटले नाही, आणि त्याची किंमत मुकाट्याने दिली.

१८९६ च्या एप्रिलात लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरला. रमाबाईंबरोबर विश्वास धरणाऱ्या पंधरा मुली होत्या. एके दिवशी सूर्योदयाच्या वेळी त्या एकट्याच रानात गेल्या, आणि या पंधरांचा वर्ग करून दे, म्हणजे २२५ मुली दे, असे त्यांनी देवाजवळ मागितले. गणिताच्या तासाला हे उदाहरण सोपे. पण सदनात तेव्हा पन्नासही मुली धड नव्हत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. स्वतःची उपाशी आई, अंध बाप, झाडपाल्याचे ते दिवस रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या तडक तिकडे गेल्या आणि तीनशे अनाथ मुली व विधवा आणण्याचा त्यांनी निश्चय केला. पैसा कोठून येणार हे ठाऊक नव्हते. ब्रिस्टलचे जॉर्ज मुल्लर यांनी हजारो अनाथ पोरे केवळ प्रार्थनेच्या बळावर वाढविली, हे चरित्र त्यांनी वाचलेले होते, तेवढी शिदोरी. मुली आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर आसरा दिला. मुक्तिसदन उभे राहिले ते असे.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावचा परिवार एकोणीसशेच्या घरात गेला. शंभराहून अधिक गुरे होती, बांधकाम चालले होते, आणि पाऊस नाही. दोन विहिरींवर सारा भार. सायंकाळी विहिरींचा तळ दिसावा आणि सकाळी पुन्हा पाणी भरलेले असावे, असे ते दिवस गेले. रमाबाई हे देवाचे देणे मानीत. मात्र त्या केवळ हात जोडून बसल्या नव्हत्या, हेही ध्यानात घ्यावे. शेती, विणकाम, छापखाना असे नाना उद्योग मुली तेथे शिकत, आणि बाहेरून येणाऱ्या मदतीवाचूनही ते घर चालत नव्हते.

१९०५ च्या आरंभी त्यांनी देशातील ख्रिस्ती लोकांच्या जागृतीसाठी प्रार्थना मांडली. प्रथम सत्तरच्या आसपास स्त्रिया जमल्या. जूनपर्यंत ५५० स्त्रिया रोज एकत्र येऊ लागल्या. महिनाअखेर तेथे जी आत्मिक जागृती झाली, पश्चात्तापाने ज्या मुली रडल्या, तिची वार्ता दूरदूरच्या देशांत गेली. काही मिशनरींना तो प्रकार रुचला नाही.

रमाबाईंचा पुढला काळ मात्र एका शांत कामात गेला. खेड्यातील अशिक्षित स्त्रीलाही समजावे अशा साध्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून उतरविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. भागवत मुखोद्गत असलेल्या, संस्कृतात वाढलेल्या या पंडितेला बोजड शब्द टाळण्याचेच श्रम अधिक पडले असावेत. खिळे जुळविणे, छापणे, सारे मुक्तीच्या स्त्रियांनी केले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या लेकीला घेऊन उघड्या दाराच्या खोलीत प्रार्थना केली, तीच गेली. तरीही म्हातारी आई मुद्रिते तपासीत राहिली. काम हातावेगळे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा प्राण गेला. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते शास्त्र केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.