लोकशाहीर अमर शेख : गिरणीपासून गावोगाव

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी लेख कोणावर लिहिता, असं समितीच्या कार्यकर्त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही शाहीर अमर शेख यांचं नाव सांगितलं. काहींना नवल वाटलं. हा माणूस जन्माने मुसलमान, विचाराने कम्युनिस्ट, मग आपल्या स्मरणिकेत कसा? परंतु आम्ही गिरणीतला माणूस. तरुणपणी पंधरा-सोळा वर्षे गायन पथकात हलगी वाजवत फिरलो. पथक घेऊन गावोगाव हिंडणाऱ्याचं जिणं काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. आणि आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या उंबऱ्यावरचा म्हणावा असा या वाटेचा सर्वात मोठा वाटसरू म्हणजे अमर शेख. म्हणून हा लेखनप्रपंच.

धाराशिवहून बार्शी चाळीसेक किलोमीटर. आज एस.टी.त बसलं की तासाभरात माणूस पोचतो. पण त्या काळी मधे सरहद्द होती. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजी मुलखात. बार्शीला १८९७ साली छोटी रेल्वे आली, ती पुढे येडशी, तडवळे, ढोकी करत १९११ ला लातूरला पोचली. कापूस, भुसार माल आणि पोटासाठी निघालेली माणसं या गाडीने बार्शीला येत. तिथे गिरण्यांचा भोंगा होता. आमचे वडील त्याच भोंग्याच्या ओढीने गेले आणि त्यांच्यामागे आम्हीही. ती छोटी गाडी आता राहिली नाही, रुळ रुंद झाले.

याच बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब घरात महबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. हेच आपले अमर शेख. त्यांच्या आईचं नाव मुनेरबी. या माऊलीच्या गळ्यात मराठी ओव्या आणि लोकगीतं भरलेली होती. पोराचा पहिला गुरू ती आईच. मुसलमानाच्या घरात मराठी ओवी कुठून आली, असं कोणी विचारलं तर त्याने आपल्या भागातली खेडी पाहिली नाहीत असं समजावं. जात्याला धर्म नसतो, पीठ पाडताना बाई गातेच.

घरात दारिद्र्य असल्याने शिक्षण फार झालं नाही. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, मग गिरणीत लागले. या ठिकाणी आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. ज्यांनी गिरणी आतून पाहिली नाही त्यांना आवाज म्हणजे काय ते कळायचं नाही. रिंग खात्यात साचे चालू झाले की शेजारचा गडी ओरडला तरी नुसते ओठ हललेले दिसतात. आमच्या कानात तो आवाज गिरणी सुटल्यावरही घुमतो. अशा ठिकाणी ज्याला दुसऱ्यापर्यंत बोलणं पोचवायचं आहे त्याला एक तर हातवारे शिकावे लागतात, नाहीतर छातीतून आवाज काढावा लागतो. अमर शेखांच्या पहाडी आवाजाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. तो आवाज आईने दिला हे खरं, पण त्याला ताकद साच्यांनी दिली असं आमचं मत आहे. कोणी मानो न मानो.

गिरणीत ते नुसते कामगार राहिले नाहीत. कामगारांना एकत्र करून संपात पुढे उभे राहिले आणि त्यापायी तुरुंगात गेले. तुरुंगात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची संगत मिळाली आणि तिथून विचाराला दिशा मिळाली. बाहेर आल्यावर पोट होतंच. ते कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत गेले. महबूब पटेलचा अमर शेख झाला तो तिथेच. सिनेमाच्या दुनियेत बरा जम बसला असता, पण गडी तिथे रमला नाही. मुंबईला आला आणि चळवळीचा झाला.

१९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तीन माणसं मुख्य : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अण्णाभाऊ वाटेगावचे, मांग समाजात जन्मलेले, तेही मुंबईच्या गिरणीत राबलेले. वर्गणीच्या शाळा-कॉलेजात न शिकलेली ही माणसं. अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा गळा अशी ती जोडी होती. अण्णाभाऊंनी लिहावं आणि अमर शेखांनी ते मैदानाच्या पार टोकाला नेऊन पोचवावं. अण्णाभाऊंनी जुन्या तमाशाची मोडणी बदलली. गणात देवाऐवजी कष्टकऱ्याला वंदन आलं, गौळण गेली, सावकार आणि मालक सोंगात आले. पुढे याच खेळाला लोकनाट्य म्हणू लागले.

आता हे पथक फिरायचं कसं ते सांगितलं पाहिजे. पुस्तकात शाहिराचं नाव येतं, झीलकऱ्याचं येत नाही. पण पथक म्हणजे एकटा शाहीर नव्हे. ढोलकीवाला, तुणतुणं धरणारा, डफ, झांज, मागे उभे राहून सूर लावून धरणारे झीलकरी, एखादा सोंगाड्या. शाहीर एक कडवं संपवून दम घेतो तेवढ्यात झीलकऱ्यांनी सूर खाली पडू द्यायचा नसतो. तो पडला की समोरची गर्दी हलायला लागते. खेड्यात तेव्हा वीज नव्हती. गॅसबत्तीच्या उजेडात, देवळाच्या नाहीतर चावडीच्या पटांगणात खेळ. बत्तीतली हवा कमी झाली की कुणीतरी उठून पंप मारायचा. पावसाळी हवेत चामडं ढिलं पडतं, म्हणून डफ आणि हलगी आधी शेकोटीवर शेकून घ्यायची. हे आम्ही स्वतः कैकदा केलंय. जास्त शेकली तर फाटते, कमी शेकली तर बद्द बोलते.

प्रवास म्हणजे रेल्वेचा तिसरा वर्ग, पुढे बैलगाडी, नाहीतर पायी. एस.टी. तर १९४८ च्या जूनमध्ये सुरू झाली, तीही आधी मोजक्याच रस्त्यांवर. ढोलकी मांडीवर घ्यायची, माणसाला धक्का बसला तरी चालेल, तिला बसता कामा नये. तमाशाच्या फडाला सुपारी असते, बिदागी असते. चळवळीच्या पथकाला यातलं काही नाही. खेळ संपल्यावर झोळी फिरवायची आणि तिच्यात पडेल ते संपासाठी, दुष्काळासाठी, पक्षासाठी जमा करायचं. ज्या गावात खेळ त्या गावातल्या कामगार-शेतकऱ्यांच्या घरी भाकरी आणि तिथेच पाठ टेकायची. पहाटे उठून पुढचं गाव. घसा बसला तरी खेळ चुकत नाही, कारण माणसं लांबून चालत आलेली असतात.

स्वातंत्र्य आल्यावर तरी पथकाला मोकळा रस्ता मिळेल असं वाटलं असेल. झालं उलटंच. मुंबई सरकारने कलापथकाच्या खेळांवर बंदी घातली, कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड झाली. गाण्याला सरकार भ्यालं, दुसरं काय? तमाशा म्हणून बंदी असेल तर लोकनाट्य म्हणून उभं राहायचं, अशा रीतीने ही मंडळी वाट काढत राहिली.

इथे आमचा एक अनुभव सांगतो. एका एप्रिल महिन्यात जयंतीच्या कार्यक्रमाला आमचं पथक लांबच्या एका गावी गेलं. कार्यक्रम रात्री दोनला संपला. टाळ्या भरपूर झाल्या, हार घातले, भाषणं झाली. संयोजक मंडळी मात्र जाण्याच्या भाड्याचं बोलणं काढेनात आणि हळूहळू एकेक जण घराकडे निघून गेला. आम्ही आठ जण गळ्यात हार घालून बसस्टँडवर झोपलो. सकाळी ढोलकीवाल्याने आपली छत्री आणि मनगटावरचं घड्याळ ठेवून पैसे उभे केले. त्याच्या घरी तेव्हा बायको बाळंतीण होती. तो त्यानंतर पथकात आला नाही. आम्ही त्याच्यावर रागावलो, चळवळ सोडली म्हणून नावं ठेवली. आज वाटतं, चूक आमची होती. त्याच्या पोटाची काळजी पथकाने घ्यायला हवी होती, ती कोणी घेतली नाही. अमर शेखांचं जीवन वाचताना आम्हाला तो माणूस हटकून आठवतो. त्यांच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षे किती ढोलकीवाले, किती झीलकरी चालले असतील आणि त्यांच्या घरच्या चुली कशा पेटल्या असतील?

अमर शेखांच्या आयुष्यातला सर्वात मोठा काळ म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा लढा. १९५६ ते १९६० या वर्षांत अत्रे, डांगे, एस. एम. जोशी यांच्या सभा गावोगाव होत. पुढारी येईपर्यंत लाखाची गर्दी धरून ठेवायची ती शाहिरांनी. अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर, आत्माराम पाटील यांनी ते काम केलं. अण्णाभाऊंची माझी मैना ही छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून घराघरात गेली. मुंबईला पोट भरायला आलेल्या गड्याची आणि गावी राहिलेल्या घरधनिणीची ती व्यथा होती, म्हणून बेळगाव-कारवार न पाहिलेल्या माणसालाही ती आपली वाटली. आमच्या वडिलांनी अमर शेखांना मैदानात ऐकलं होतं. गाणं कोणतं ते त्यांना शेवटी आठवत नव्हतं. पण अंगावर काटा आला होता हे मात्र ते मरेपर्यंत सांगायचे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. गोवा मुक्तीच्या लढ्यातही त्यांचा डफ वाजला आणि १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्यांनी देशासाठी निधी गोळा केला. झोळी तीच होती.

त्यांनी आचार्य अत्र्यांच्या महात्मा फुले चित्रपटात आणि १९६१ च्या प्रपंच चित्रपटात भूमिका केल्या. प्रपंचमधलं कुंभाराचं दरिद्री, लेकुरवाळं घर ज्यांना पाहायला मिळालं असेल त्यांना अभिनय शिकवलेला नव्हता हे कळेल. कलश १९५८ ला आणि धरतीमाता १९६३ ला, असे त्यांचे काव्यसंग्रह निघाले. पहिला बळी हे नाटक लिहिलं. पोवाडे तर पुष्कळ. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्यांची काही गीतं त्या त्या मोर्चापुरती होती आणि मोर्चाबरोबर संपली. त्यात कमीपणा नाही. पण कवितेकडे मात्र अभ्यासकांनी पाहिजे तेवढं पाहिलं नाही.

त्यांच्या पत्नी कुसुमताई. धर्माच्या भिंती ओलांडून झालेला हा संसार होता. घरचा माणूस सदा फिरतीवर, आज इथे तर उद्या तिथे. घर धरून ठेवणारी बाई कोणत्याही पोवाड्यात येत नाही. त्यांची कन्या मल्लिका या पुढे मोठ्या कवयित्री झाल्या. त्यांचा विवाह दलित पँथरचे नामदेव ढसाळ यांच्याशी झाला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. लाल आणि निळा यांच्यात पुढाऱ्यांनी किती अंतर ठेवलं ते आम्ही आयुष्यभर पाहिलं. युनियनच्या कचेरीत आम्हाला जयभीमवाले म्हणायचे आणि वस्तीत लालवाले म्हणायचे. पण अण्णाभाऊंनी फकिरा कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आणि आंबेडकरी जलशाच्या आणि लाल बावट्याच्या ढोलकीचं चामडं वेगळं नव्हतं.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय बावन्न. क्लीनर म्हणून ज्याने मोटारीवर काम सुरू केलं त्याचा शेवट मोटारीतच, पुणे-सोलापूरच्या वाटेवर झाला. तिथून बार्शी फार लांब नाही.

मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे, तिथे लोककलेचा अभ्यास चालतो. मल्लिकाताईंनी वडिलांवर सूर एका वादळाचा हे पुस्तक लिहिलं आहे. त्याची एक प्रत आम्ही विहाराच्या वाचनालयात दिली आहे. दोन वर्षांत ती तिघांनीच नेली, त्यातला एक आमच्या गायन पथकातला नवा ढोलकीवाला पोरगा. त्याने अजून परत केलेली नाही, आणि आम्ही मागितलेलीही नाही.