मुळशीचा सेनापती

पिरंगुट सोडून मुठ्याच्या दिशेने निघालेल्या पुणेकराला सुटीच्या दिवशी आठवतात ती टेमघरचे पाणी, लवासाचा घाट आणि भाताची हिरवी खाचरे. मुठा हे मुळशी तालुक्यातले गाव. ज्या नदीच्या काठी पुणे वसले, तिचेच नाव या गावाने धारण केले आहे. डोंगराची सोंड ओलांडली की शेजारी मुळेचे खोरे लागते. तेथे आज अथांग दिसणाऱ्या जलाशयाच्या तळाशी अशीच खाचरे आणि नांदती गावे होती. त्या गावांसाठी जो मनुष्य तीन वेळा तुरुंगात गेला, त्याचे नाव पुण्याने आणि मुंबईने आपापल्या एकेका मोठ्या रस्त्याला दिले. वाहनांच्या गर्दीत रोज उच्चारल्या जाणाऱ्या या नावामागचे चरित्र मात्र फारसे कोणी आठवत नाही.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे एका सामान्य ब्राह्मण कुटुंबात झाला. बुद्धी तल्लख असल्याने शिक्षणाची वाट त्यांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजपर्यंत घेऊन आली. प्लेगचे थैमान आणि चाफेकर बंधूंची फाशी हा इतिहास तेव्हा पुण्यात ताजा होता. याच काळात त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढण्याची शपथ घेतली. पुढे मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे यंत्रशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाले.

एडिंबरोत त्यांना एक नवल दिसले. बोअर युद्धात ब्रिटिश सैनिकांची नेमबाजी उणी पडली, या जाणिवेने ब्रिटनभर नागरिकांचे रायफल क्लब निघाले होते. दुकानातला कारकून आणि कारखान्यातला कामगार संध्याकाळी क्लबात जाऊन नेम धरीत असे. तिकडे अमेरिकेत विंचेस्टर कंपनीची, खालची दांडी ओढून काडतूस भरायची रायफल शेतकऱ्याच्या घरातही असे. तिचा लाकडी दस्ता घरीच तासून, घासून आपल्या खांद्याला बेतून घेण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. हिंदुस्थानात मात्र १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे हाच गुन्हा ठरला होता. ज्याच्या पूर्वजांनी मावळातले गड राखले, त्या शेतकऱ्याच्या हाती आता कोयता आणि कुऱ्हाडच काय ती उरली होती. बापट एडिंबरोच्या क्वीन्स रायफल क्लबात नेमबाजी शिकले. परक्या सत्तेने आपल्या नागरिकांना जे उघडपणे शिकवावे, तेच आपल्या देशबांधवांना नाकारावे, हा भेद त्यांच्यासारख्या तरुणाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानची झालेली दशा त्यांनी जाहीरपणे मांडली आणि शिष्यवृत्ती गमावली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये श्यामजी कृष्णवर्मा व सावरकर यांच्या सहवासात त्यांचा पुढचा मार्ग ठरला. यंत्रशास्त्राचा हा विद्यार्थी हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास यांच्यासमवेत पॅरिसला गेला आणि तेथील रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या मिळवून १९०८ साली मायदेशी परतला. त्याच वर्षी बंगालमध्ये धरपकड झाली. अलीपूर खटल्यातील माफीचा साक्षीदार नरेंद्र गोसाई याने बापटांचे नाव घेतले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले.

जवळजवळ चार वर्षे ते नाव बदलून देशभर हिंडले. त्यांच्या आयुष्यातला खरा पालट या भटकंतीत झाला. आपण परक्या राज्यात जगतो आहोत, हेच असंख्य खेडुतांच्या गावी नव्हते. ज्यांच्यासाठी हत्यार उचलायचे, त्यांनाच ते कशासाठी हे ठाऊक नसेल, तर स्फोटाचा आवाज विरून जाणार, हे त्यांना उमगले. शस्त्राचा त्यांनी त्याग केला नाही; पण लोकजागृतीचे स्थान शस्त्राच्या आधीचे, असा क्रम त्यांच्या मनात पक्का झाला. १९१२ साली त्यांना अटक झाली. १९१५ च्या सुमारास ते पुण्यात टिळकांच्या अनुयायांत सामील झाले आणि वृत्तपत्रांत काम करू लागले. विलायतेत शिकलेला हा पदवीधर गावचे रस्ते हातात झाडू घेऊन स्वच्छ करी, याचेच लोकांना अधिक आश्चर्य वाटे.

मुळशीचा लढा त्यांच्यापुढे आला तो अशा टप्प्यावर. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरविले. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ बसणार होती. आंबेमोहोर पिकविणाऱ्या मावळ्यांची संमती विचारण्याची गरज ना सरकारला वाटली, ना कंपनीला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरत होते. बापटांनी आघाडी सांभाळली आणि याच लढ्याने त्यांना सेनापती ही पदवी दिली. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या आंदोलनाला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे.

यंत्रविद्या शिकलेल्या बापटांना विजेचे मोल कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्यांचा आक्षेप वेगळा होता. एकाच्या दिव्यासाठी दुसऱ्याची चूल विझवायची आणि ती विझविण्यासाठी सरकारने जमीन संपादनाचा कायदा खाजगी कंपनीच्या हाती द्यायचा, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. लढ्याला खिंडार पडले ते मात्र घरातूनच. मावळातील बऱ्याच जमिनींवर पुण्यातील सावकारांचा हक्क होता. त्यांनी मोबदल्याची तडजोड पत्करली आणि जमीन कसणारा कुळवाडी एकाकी पडला. शहराने सभा गाजविल्या, सौदाही शहरानेच केला. पुणेकर वाचकाने हा भाग विसरू नये.

सत्याग्रह ओसरत असताना बापटांनी एक निर्वाणीचे पाऊल उचलले. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरील रेल्वेच्या रुळांवर दगड रचले आणि सशस्त्र होऊन गाडी अडविली. अहिंसेची शिस्त येथे मोडली, हे उघड होते. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना ते रुचले नाही आणि त्याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. मात्र कृत्य करून ते पळाले नाहीत. जबाबदारी स्वतःकडे घेऊन ते सरकारच्या स्वाधीन झाले आणि ७ वर्षांची सक्तमजुरी त्यांनी पत्करली. शस्त्र लपून वापरायचे, की ते हाती धरून त्याची किंमत उघडपणे मोजायची, या प्रश्नाचे उत्तर भूमिगत तरुण बापटांनी आणि मुळशीच्या सेनापतींनी वेगवेगळे दिले होते.

ते १९३१ साली सुटले तेव्हा धरण पुरे होऊन चार वर्षे लोटली होती. मुळेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले होते. लौकरच त्यांना पुन्हा दीर्घ शिक्षा झाली. त्यातून १९३७ मध्ये सुटका होताच ते निजामाविरुद्धच्या हैदराबाद सत्याग्रहाकडे वळले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. एवढ्यावर कोणी स्वस्थ बसले असते. पण १९५५ साली वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते नानासाहेब गोरे यांच्यासमवेत गोव्याच्या सरहद्दीत सत्याग्रही म्हणून शिरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते पुढच्या रांगेत होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुळशीची लढाई ते हरले. त्यांच्या हयातीतच पानशेतचे धरण झाले. पुढे वरसगाव झाले, आणि मुठा गावाच्या वरच्या अंगाला टेमघर झाले. प्रत्येक वेळी खोऱ्यातील कोणाची तरी जमीन गेली आणि पुण्याचा नळ अधिक वेळ वाहू लागला. विस्थापितांचे पुनर्वसन आधी आणि धरण नंतर, हे तत्त्व महाराष्ट्रात कायद्याच्या भाषेत यायला मुळशीनंतर अर्धे शतक जावे लागले. अंमलबजावणीच्या तक्रारी तर त्यानंतरही थांबल्या नाहीत. सेनापती बापटांच्या हातातले पिस्तूल योग्य की अयोग्य, यावर मतभेद राहतील. ते ज्यांच्यासाठी हाती घेतले गेले, त्या मावळ्यांचा प्रश्न मात्र खरा होता आणि त्याची उतराई शहराने अद्याप केलेली नाही.