लखुजीरावांची लेक

सिंदखेडराजाला गेलं की आपण जिजाऊंचं जन्मस्थान बघतो, फोटो काढतो. लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी मात्र फारसं थांबत नाही. थांबायला हवं बरं का!

१५९८ साली जन्मलेली त्यांची ही लेक भोसल्यांकडे दिली. पुढे खंडागळ्यांच्या हत्तीवरून सासर-माहेरच्याच तलवारी भिडल्या, भाऊ दत्ताजी त्यात गेला. मग जुलै १६२९. देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, मुलगे आणि नातू दग्याने मारले गेले. एकाच दिवशी! जिजाऊंना तेव्हा दिवस गेलेले. फेब्रुवारी १६३० मध्ये शिवनेरीवर शिवराय जन्मले.

त्या दिवसांत त्यांना झोप तरी लागत असेल का? असं काही सोसलेली बाई महिना उलटला तरी तेच स्वप्नात बघते, दार वाजलं तरी दचकते, ती वाट टाळते. डॉक्टर याला आघातानंतरच्या ताणाचा आजार म्हणतात. बोलण्याच्या उपचारांनी, लागलं तर औषधांनी त्यात आराम पडतो; ‘टेलीमानस’च्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. आपण मात्र तिला म्हणतो, विसर आता.

जिजाऊ विसरल्या असतील असं मला नाही वाटत. उजाड पुण्यात त्यांनी माणसं वसवली, कसबा गणपतीचं देऊळ बांधवलं. पुढे थोरले संभाजीराजे कनकगिरीला पडले. १६६४ मध्ये शहाजीराजे गेले, तेव्हा त्या सती जायला निघाल्या. एवढ्या खंबीर बाईलाही त्या दिवशी कुणीतरी धरून ठेवावं लागलं. शिवरायांनी विनवण्या करून थांबवलं. त्यानंतर दहा वर्षांनी लेकाचा राज्याभिषेक पाहूनच, १७ जून १६७४ रोजी, पाचाडला त्यांनी डोळे मिटले.