खर्जाला आवाज देणारा रेडिओवाला

तळोज्यात बेस गिटार शिकणाऱ्याची अडचण दुहेरी असते. घर फेज १ किंवा फेज २ मधल्या इमारतीत, आणि एका भिंतीपलीकडे शेजारी. वाजवायला बोलावणं येतं ते आसपासच्या गावांतल्या हळदीचं, गणपतीचं किंवा एखाद्या लहान हॉलमधल्या कार्यक्रमाचं. तिथे बाजूला ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. घरी आवाज फार होतो म्हणून तक्रार आणि बाहेर तोच आवाज कुणाला ऐकूच येत नाही. खिशात मोजके पैसे असतात आणि दुकानात वॅटचे आकडे छापलेले अ‍ॅम्प्लिफायर रांगेने मांडलेले असतात. त्यातला कोणता उचलावा?

हा प्रश्न पाऊणशे वर्षं जुना आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने तो सोडवायला घेतला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे आणि त्याचा एक डोळा काचेचा होता. तो माणूस म्हणजे लिओ फेंडर.

पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. लिओ आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि डोळा काढावा लागला. दोन डोळ्यांनी दिसणाऱ्या दोन किंचित वेगळ्या चित्रांवरून मेंदू वस्तू किती लांब आहे याचा अंदाज घेतो. एक डोळा गेला की ही सोय जाते. पण लहान वयात मेंदू दुसऱ्या खुणा वापरायला शिकतो: वस्तूचा आकार, सावली, मान हलवल्यावर जवळची वस्तू जास्त सरकते हे. लिओही शिकला असणार, कारण पुढचं सगळं आयुष्य त्याने बारीक तारा जोडण्यात घालवलं.

तेराव्या-चौदाव्या वर्षी काकाने त्याला मोटारीच्या विजेच्या जुन्या भागांचं एक खोकं पाठवलं. या काकाचं सांता मारिया गावात मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं. पुढच्या वर्षी लिओ तिथे गेला, तेव्हा काकाने सुट्या भागांतून जुळवलेला रेडिओ मोठ्या आवाजात वाजत होता. तो आवाज त्याच्या डोक्यातून गेला नाही. शाळेत तो पियानो आणि सॅक्सोफोन शिकला, पण ओढ यंत्राची होती. मौज म्हणजे कॉलेजात त्याने विषय घेतला हिशेबनीसाचा. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतलं नाही.

नोकऱ्याही हिशेबाच्याच मिळाल्या. आधी बर्फाच्या कंपनीत, मग महामार्ग खात्यात, मग एका टायर कंपनीत. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की यांच्याशी लग्न झालं. मंदीचे दिवस होते, नोकरी टिकेना. दरम्यान एका बँडवाल्याने नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरची यंत्रणा करून मागितली होती आणि फेंडर यांनी तशा सहा करून दिल्या होत्या. शेवटी १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं.

दुकानात वादक येऊ लागले. कुणाचा अ‍ॅम्प्लिफायर घरघरतो, कुणाचं पिकअप बंद पडलंय. फेंडर दुरुस्त करत आणि विचारत राहत: कुठे वाजवता, किती माणसं असतात, काय ऐकू येत नाही? दुसऱ्या महायुद्धात डोळ्यामुळे सैन्यातली भरती टळली आणि दुकान चालू राहिलं. १९४५ च्या सुमारास डॉक कॉफमन या वादक मित्राबरोबर त्यांनी स्टील गिटार आणि छोटे अ‍ॅम्प्लिफायर करून विकले आणि १९४६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. टेलिकास्टर ही ठोकळ्यासारख्या सलग लाकडाची इलेक्ट्रिक गिटार १९५०-५१ मध्ये याच कारखान्यातून बाजारात आली.

यानंतर त्यांचं लक्ष बँडमधल्या सर्वांत दुर्लक्षित माणसाकडे गेलं. तो माणूस डबल बेस वाजवायचा. त्याचं वाद्य माणसाहून उंच, गाडीत मावायला अवघड, आणि एवढं ओढून नेऊन ड्रम आणि ट्रम्पेटच्या गलक्यात ते ऐकूही येत नसे. यात वादकाचा दोष नव्हता. अडचण भौतिकशास्त्राची होती आणि थोडी आपल्या कानाचीही.

बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हवेतल्या या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरच्या पुढे जाते, म्हणजे फ्लॅटच्या हॉलपेक्षाही जास्त. असा खर्ज स्पीकरमधून काढायचा तर भरपूर हवा ढकलावी लागते. स्वर एक सप्तक खाली गेला की तितकाच आवाज मिळवण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावं लागतं. त्यात आपला कान खर्जाच्या बाबतीत मठ्ठ. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की मधल्या पट्टीतल्या सुराइतका मोठा वाटण्यासाठी खालच्या सुरात कितीतरी जास्त ऊर्जा असावी लागते.

फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली. गळ्यात अडकवता येणारी, चार तारांची, आणि पडदे बसवलेली, म्हणजे बोट अचूक जागी नसलं तरी सूर अचूक येणार. नावातली अचूकता तीच. पण निव्वळ वाद्याने काम भागणार नव्हतं. ठोकळ्याच्या बेसला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच आणि त्या काळचे गिटारचे छोटे अ‍ॅम्प्लिफायर खर्ज सुरू झाला की फाटत. म्हणून १९५२ मध्ये बेसमन आला: व्हॉल्व्हवर चालणारा, सुमारे २६ वॅटचा, १५ इंची स्पीकरचा. लायनेल हॅम्प्टन यांच्या जाझ बँडमधले मंक मांटगोमेरी हे इलेक्ट्रिक बेस घेऊन फिरणाऱ्या पहिल्या नावाजलेल्या वादकांपैकी एक.

२६ वॅट आणि १५ इंच. आजच्या दुकानात उभं राहून या दोन आकड्यांकडे पाहिलं तर बरंच कळतं. वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो आणि कानाला तो फरक थोडासाच वाटतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दसपट वॅट लागतात. तेव्हा २० ऐवजी ४० वॅटसाठी जास्त पैसे मोजण्याआधी स्पीकर किती इंची आहे आणि पेटी किती भक्कम आहे हे पाहावं. घरच्या सरावाला ८ किंवा १० इंची स्पीकर आणि १५ ते ४० वॅट पुष्कळ होतात. तिथे महत्त्वाची गोष्ट वेगळीच, हेडफोन लावायची सोय. भिंत तीव्र सूर बऱ्यापैकी अडवते, खर्ज मात्र आरपार जातो. शेजाऱ्याला गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड ऐकू येते, आणि चिडायला तेवढी पुरते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी नियमाने ठरवलेली मर्यादा ४५ डेसिबल आहे.

ढोलकी-ड्रमसोबत वाजवायचं असेल तर हिशेब बदलतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर शंभर वॅटच्या वर, स्पीकर १२ किंवा १५ इंची, किंवा १० इंची दोन. एवढं परवडत नसेल तर छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे डीआय किंवा लाइन आउट आहे का ते बघावं. तिथून वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला देता येते. मग श्रोत्यांपर्यंत आवाज नेण्याचं काम हॉलचे स्पीकर करतात आणि आपला अ‍ॅम्प्लिफायर फक्त आपल्याला ऐकू येण्यापुरता राहतो. बजेट कमी असलेल्याला यासारखी युक्ती नाही. नवे क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर हलके असतात, रिक्षाने जाणाऱ्याला हेही सोयीचं. दुकानात मात्र सर्वांत खालची तार, जेवढ्या आवाजात कार्यक्रमात वाजवणार तेवढ्याच आवाजात वाजवून पाहावी. पेटी खुळखुळली किंवा सूर फाटला तर पुढचा अ‍ॅम्प्लिफायर बघावा. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून बेस जोरात वाजवणं टाळावं, कारण त्याचा पडदा एवढ्या हालचालीसाठी केलेला नसतो.

उलट दिशेने मात्र गाडी झकास चालली. १९५४ च्या अखेरीस फेंडर यांनी बेसमनमध्ये १५ इंचीऐवजी १० इंची चार स्पीकर बसवले. तो बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनाच जास्त आवडला. जोरात वाजवला की त्याचा आवाज जरा खरबरीत होई आणि तोच त्यांना हवा होता. लंडनमध्ये वाद्यांचं दुकान चालवणारे जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये पहिला अ‍ॅम्प्लिफायर केला तो याच बेसमनच्या आराखड्यावरून. रॉक संगीताच्या गर्जनेचं एक मूळ बेसवाल्यासाठी केलेल्या पेटीत आहे. नावात बेस आहे एवढ्यावर विसंबू नये, हे फेंडर यांच्याच कारखान्यात सिद्ध झालं.

या सगळ्या भरभराटीच्या काळात फेंडर आजारी होते. त्यांना सायनसचा जंतुसंसर्ग झाला होता, स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंचा, आणि तो पुन्हा पुन्हा उलटत होता. सायनस म्हणजे कपाळ आणि गालांच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. त्यांचा निचरा नाकात उघडणाऱ्या चिंचोळ्या वाटांनी होतो. सूज येऊन वाट बुजली की आत स्राव साचतो आणि जंतूंना आयता आसरा मिळतो. पेनिसिलिन तोवर सर्रास मिळू लागलं होतं, तरी असा कोंडलेला, जुनाट संसर्ग चिवट ठरू शकतो. १९६४ पर्यंत फेंडर इतके खंगले की आता आपण फार दिवसांचे सोबती नाही, अशी त्यांची समजूत झाली. वय पंचावन्न, मूलबाळ नव्हतं. मागे कामगारांचं काय होणार, ही काळजी होती. त्यांनी कंपनी विकायला काढली आणि जानेवारी १९६५ मध्ये ती सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली.

त्यानंतर काही वर्षांनी फेंडर यांनी डॉक्टर बदलले. नव्या उपचारांनी संसर्ग गेला आणि ते बरे झाले.

विक्रीचा करार मात्र झालेला होता. दहा वर्षं स्पर्धक धंदा करायचा नाही, अशी त्यात अट. स्वतःचं नाव असलेली वाद्यं दुसऱ्याच्या कारखान्यात तयार होत होती आणि अनेक वादक तर जुनी, विक्रीपूर्वीचीच फेंडर शोधत फिरत होते. संसर्गावर वेळीच नीट इलाज झाला असता तर त्यांनी कंपनी विकली असती का, हे कोण सांगणार? जुनाट दुखण्याने थकलेल्या माणसाने घेतलेला हा आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय होता, एवढं खरं.

अट संपताच ते जुन्या सहकाऱ्यांच्या म्युझिक मॅन कंपनीत उघडपणे दिसू लागले. तिथे १९७६ मध्ये त्यांच्या सहभागातून आलेल्या स्टिंगरे बेसमध्ये बॅटरीवर चालणारा छोटा प्री-अ‍ॅम्प्लिफायर वाद्याच्या पोटातच होता. तार छेडल्यावर मिळणारा अशक्त संकेत वायरमध्ये जाण्याआधीच सशक्त करायचा, ही कल्पना. आज तळोज्यात कुणी साध्या किमतीची अ‍ॅक्टिव्ह बेस घेत असेल, तर तिच्या मागच्या झाकणाखालची बॅटरी त्याच वाटेने आली आहे.

१९७९ मध्ये एस्थर कर्करोगाने गेल्या. त्याच सुमारास फेंडर यांनी जॉर्ज फुलर्टन या जुन्या सहकाऱ्याबरोबर जी अँड एल ही कंपनी सुरू केली. १९८० मध्ये फिलिस यांच्याशी दुसरं लग्न झालं. पुढे मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होण्याचे लहान लहान झटके आले आणि पार्किन्सन म्हणजे कंपवात जडला. या विकारात मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरतात, स्नायू ताठरतात, हालचाल मंदावते. ज्याचं सारं काम हाताच्या बोटांचं, त्याला याहून आडवा येणारा आजार क्वचितच असेल. तरी ते रोज कारखान्यात जात, पिकअप आणि वाद्यांचे नवे नमुने तपासत, जमेल तेवढं स्वतः करत.

२१ मार्च १९९१ रोजी ते वारले. आदल्या दिवशीही ते कामावर गेले होते.